तीन सापांचं बिऱ्हाड

माझा धंदा इमारतींच्या हीटिंगचा. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या एका ऑफिसात बसून शाळा, दवाखाने, कचेऱ्या हिवाळ्यात उबदार कशा राहतील याची आकडेमोड मी गेली वीसेक वर्षं करतोय. आमच्याकडं सगळ्यांत जास्त येणारी तक्रार एकच, "खिडकीपाशी कुडकुडायला होतं आणि रेडिएटरपाशी उकडतं." खोलीच्या चारही कोपऱ्यांत सारखे २१ अंश, ही आमची पंढरी.

घरी मात्र तीन साप आहेत, आणि त्यांना नेमकं हेच हवं असतं. पेटीच्या एका टोकाला उकडलं पाहिजे, दुसऱ्या टोकाला गार लागलं पाहिजे. साप अंगातून ऊब तयार करत नाही. खाल्लेलं पचवायचं तर उबेकडं सरकायचं, पुरे झालं की सावलीत जायचं. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी पेट्या घेताना मी माती खाल्लीच.

आधी बिऱ्हाडकरू सांगतो. थोरली केशर. कॉर्न स्नेक, मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली जात. मुक्ता, माझी लेक, अकरा वर्षांची असताना तिच्या हट्टापायी आणलेलं पिल्लू, तेव्हा बुटाच्या नाडीएवढं. आता सव्वाचार फूट. दुसरा लाडू, रॉयल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. अजगर म्हटलं की लोक दोन पावलं मागं सरतात, पण हा जेमतेम साडेतीन फूट. घाबरला की डोकं मधोमध घेऊन अंगाचा गोळा करतो. अमेरिकेत त्याला म्हणूनच बॉल पायथन म्हणतात आणि आमच्याकडं लाडू. माझा एक सहकारी परदेशी बदलून गेला, तेव्हा त्याचा हा साप आमच्या पदरात पडला. तिसरं रताळं. केनियन सँड बोआ, मादी, दोन फुटांच्या आतबाहेर. दिवसचे दिवस मातीत पुरलेली असते, वर दिसलाच तर नाकाचा शेंडा. नाव मुक्तानं ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की मादी असूनही घरात सगळे "ते रताळं"च म्हणतात.

तिसरा साप आला त्या वर्षी ऑक्टोबरात मी दिवाणखान्यात तीन एकसारख्या काचेच्या पेट्या आणल्या. तीन फूट लांब, चारही बाजूंनी काच, वर जाळीचं झाकण. एकावर एक अशा लोखंडी मांडणीवर चढवल्या, प्रत्येकीत एक दिवा, एक पाण्याचं भांडं, एक लाकडाचा तुकडा. संध्याकाळी दिवे लागले की दागिन्यांच्या दुकानाची शोकेसच. पाहुणे आले की मी खुर्ची सरकवून त्यांना समोर बसवायचो. तीन वेगवेगळ्या मुलखांतल्या तीन जनावरांना मी एकाच मापाचा सदरा शिवला होता, आणि तो का, तर ओळीत छान दिसतो म्हणून.

तो हिवाळा वाईट गेला.

लाडूनं नोव्हेंबरपासून खाणं सोडलं. रॉयल पायथन उपास करण्यात पटाईत, महिनोन् महिने काढतात, त्यामुळं सुरुवातीला आम्ही मनावर घेतलं नाही. पण डिसेंबरात त्याची कात तुकड्यातुकड्यांत निघाली. धड साप कात टाकतो ती पायमोज्यासारखी, ओठापासून शेपटीपर्यंत सलग, आतली बाजू बाहेर. लाडूची म्हणजे उन्हानं सोललेल्या पाठीसारखी झाली होती, आणि एका डोळ्यावरची चकती तशीच चिकटून राहिलेली. सापाला पापणी नसते, तिथं पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघावा लागतो. आर्द्रता मोजली तर ३० टक्के, आणि त्याला हवी साठाच्या आसपास, कात टाकताना त्याहून जास्त. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. घरात सेंट्रल हीटिंग आणि पेटीच्या डोक्यावर दिव्यानं तापलेली जाळी. गरम हवा वर जाताना सगळा ओलावा घेऊन निघून जात होती. आम्ही याला चिमणी म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो. इथं मी ती स्वतःच्या हातानं बांधली होती.

रताळ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पेटीखाली मी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, लावली होती, वर चार इंच माती. कागदावर सगळं बरोबर. एके दिवशी बघतो तर ते मातीवर येऊन आडवं पडलेलं, भर दुपारी, जे ते एरवी कधी करत नाही. कामाची इन्फ्रारेड बंदूक आणून माती उकरून तळ मोजला. ४३ अंश! थर्मोस्टॅटचा सेन्सर मी वरच्या थरात खोचला होता. माती घोंगडीसारखी वरून पांघरलेली, त्यामुळं सेन्सरला ऊब पोचेना, म्हणून मॅट बंद होईना. त्याहून मोठी चूक म्हणजे उलटं जग. मातीत राहणारा कुठलाही प्राणी उकडलं की खाली जातो, कारण लक्षावधी वर्षं खाली गारच असतं. माझ्या पेटीत तो गारव्यासाठी जितका खाली जाईल तितका तव्याजवळ जात होता. नशीब, पोट भाजलं नव्हतं. सापाला चटका बसत असतानाही तो हलत नाही असं बऱ्याचदा होतं, आणि मग महिनोन् महिने जखमा.

आणि केशर. केशरच्या नाकावर एक लालसर ठिपका दिसायला लागला. रोज रात्री काचेच्या कडेकडेनं ती नाक घाशीत फिरायची, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, पुन्हा परत. काच दिसत नाही, पलीकडचं दिसतं. मुक्ता म्हणाली, "बाबा, तिला बाहेर जायचंय." मी म्हटलं, "तिला कंटाळा वगैरे काही येत नाही." तो ठिपका पाहिल्यावर मला मात्र दुसरंच काहीतरी आठवलं होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, बत्तीस शिराळ्याजवळचा. आमच्याकडची नागपंचमी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. गोरखनाथांची कथा, अंबामातेचं देऊळ, आणि पंचमीच्या आधी बांधाबांधांनी नाग धरत हिंडणारी मंडळं. माझा चुलता त्यात असायचा. धरलेला नाग मडक्यात, मडक्याच्या तोंडाला फडकं, आणि ते मडकं माजघरात आढ्याला टांगलेलं. मी सातआठ वर्षांचा. खालून काठीनं हळूच टिचकी मारली की आतून कुकरची शिट्टी सुटायच्या आधी होतो तसा आवाज यायचा. ते आठदहा दिवस मी त्या मडक्याखाली झोपायचो, भीतीनं आणि अभिमानानं. पंचमीला फडकं सोडलं तेव्हा फडा काढून उभ्या राहिलेल्या नागाच्या नाकाचा शेंडा सोललेला होता. चुलता म्हणाला, "घासतंय आतनं." एवढंच. मग त्याच्यावर हळदकुंकू पडलं आणि मिरवणूक निघाली. पुढं कोर्टाच्या आदेशांनी जिवंत नागांची ती मिरवणूक बंद झाली. गावात त्यावर अजून दोन तट आहेत. मी कुठल्या बाजूला आहे हे घरी फारसं बोलत नाही.

मार्चमध्ये आई आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. शिराळ्याच्या बाईला सापाची भीती दाखवणं म्हणजे कोळ्याला पाण्याची. चपला काढल्या काढल्या ती पेट्यांसमोर जाऊन उभी राहिली. केशरकडं बघून हात जोडले. रताळ्याचा शेंडा दिसला तशी दचकली.

"आरं, ह्ये मांडूळ हाय! दुतोंड्या! घरात ठिवलाईस आन् पोलीस न्हाई आलं?"

तिची चूक नव्हती. मांडूळ आणि केनियाचं हे जनावर एकाच कुळातले भाऊबंद, दोघांचीही शेपटी आखूड, मांडुळाची तर बोथट, तोंडासारखी. मांडुळानं गुप्तधन सापडतं या खुळापायी आमच्या भागात त्याची तस्करी चालते आणि पकडलेल्यांच्या बातम्या पेपरात येत राहतात. मी तिला सांगितलं की हे इथंच पेटीत जन्मलेलं आहे आणि इथं याला परवाना लागत नाही. हे वाचून कुणाला पुण्यात किंवा कोल्हापुरात हौस आली, तर आत्ताच सांगून टाकतो. आपल्याकडचा कुठलाही रानातला साप, नाग असो, धामण असो वा मांडूळ, घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. परदेशी जातींचंही आता मोकळं रान नाही. २०२२ची कायदादुरुस्ती आणि २०२४चे नियम आल्यापासून सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतल्या प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि सगळे अजगर, सगळे बोआ त्या यादीत आहेत.

आईनं मग लाडूची पेटी बराच वेळ पाहिली. तो एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला, चारही बाजूंनी उघडा, डोक्यावर दिवा.

"किती दिस झालं खाल्लं न्हाई म्हणालास?"

"चार महिने."

"मग कसा खाईल? एश्टी स्टँडावर बसवलाईस तेला. समदं जग बगतंय." आणि थोडं थांबून, "तेला मडकं दे."

मला राग आला, खरं सांगतो. आढ्याला टांगलेलं ते मडकं डोळ्यांसमोर आलं. इथं मी थर्मोस्टॅट, हायग्रोमीटर लावून बसलोय आणि ही मला मडक्यावर नेतेय. पण रात्री झोप येईना, तेव्हा विचार केला की रॉयल पायथन रानात राहतो कुठं? उंदरांच्या बिळात आणि वारुळात. म्हणजे अंधार, ओल, आणि अंगाला चारही बाजूंनी भिंत लागेल एवढीच जागा. बाहेर पडतो तो रात्री. नर तर झाडावरही चढतात, पक्षी मारून खातात, पण दिवस उजाडायला बिळात परत. मडक्यात काय असतं? अंधार, ओल, अंगालगत भिंत. आईचं अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं म्हणजे ते फडकं.

बागेतल्या शेडमध्ये मातीची एक जुनी कुंडी होती. आईनं ती धुऊन उन्हात वाळवली. बुडाचं पाणी जायचं भोक मी बुजवलं, कारण अशा भोकात साप अर्धा घुसतो आणि अडकतो. कुंडी आडवी ठेवली, तोंड गार टोकाकडं, आत ओलं शेवाळ. तशीच एक गरम टोकाला. दडायला दोन जागा हव्यातच. एकच ठेवली आणि ती गार बाजूला असली, तर त्याला ऊब हवी की लपणं हवं यातलं एक निवडावं लागतं, आणि भित्रा साप नेहमी लपणंच निवडतो, मग अन्न पोटात कुजलं तरी बेहत्तर. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून तपकिरी कागद लावला. माझी शोकेस गेली. त्या संध्याकाळी पाहुण्यांना दिसल्या असत्या त्या दोन आडव्या कुंड्या.

अकराव्या दिवशी लाडूनं उंदीर खाल्ला. कुंडीच्या तोंडातून मान बाहेर काढून, चिमट्यातून ओढून, परत आत. कुंडीमुळंच खाल्लं की हिवाळा सरला म्हणून, ते छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आईला विचारलंत तर ती सांगेल.

त्या दिवसापासून मी पेट्यांचा विचार पहिल्यापासून करायला घेतला, आणि आई सल्लागार. पहिला सल्ला साफ चुकला. "तिघांला मिळून एक मोठी कर की, सोबत हुईल." मी म्हटलं, तुमच्या मडक्यात कधी दोन नाग ठेवलेत? ती हसली. सापाला सोबत नको असते. दोघं एका कोपऱ्यात गुंडाळी करून पडलेले दिसले की आपल्याला माया वाटते, पण बहुतेक वेळा ते एकाच उबेच्या जागेसाठी आणि एकाच आडोशासाठी एकमेकांवर चढलेले असतात. एकाला रोग झाला तर दुसऱ्याला होणार. कुणी उलटी केली तर कोणी केली ते कळत नाही. काही जाती तर शेजाऱ्यालाच गिळतात. शिवाय माझ्या तिघांचं हवामानच जुळत नाही. केशरच्या गार टोकाला २२ अंश पुरतात, तेवढ्यात लाडूला सर्दी होईल.

मे महिन्यात केशर पळाली. जाळीच्या झाकणाची चारपैकी एक कडी नीट बसली नव्हती. कॉर्न स्नेकला एवढं पुरतं. जिथून डोकं जातं तिथून बाकीचं जातंच. मुक्ता रडून रडून लाल. तीन रात्री आईनं प्रत्येक दाराच्या उंबऱ्याशी, फ्रिजच्या मागं, जिन्याच्या पायरीवर तांदळाच्या पिठाच्या रेघा ओढल्या, रांगोळीसारख्या, चिमटीतून सोडून. चौथ्या दिवशी सकाळी गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटासमोरच्या रेघेवर एक नागमोडी पुसट वाट उमटलेली होती. आत टॉवेलांच्या चळतीमागं केशर. सबंध घरात सारखे २१ अंश ठेवणाऱ्या इंजिनिअरच्या घरात तिनं एकमेव गरम जागा शोधून काढली होती.

मधे एकदा पेट्या बघायला म्हणून एका ब्रीडरकडं गेलो. त्याच्या शेडमध्ये कपाटाच्या खणांसारखे प्लास्टिकचे डबे, एकावर एक दहा मजले. ओढला खण, आत साप, ढकलला खण. सगळं स्वच्छ, तापमान चोख, साप धष्टपुष्ट. तो म्हणाला, "यांना जागा नकोच असते, लहान डब्यात ते निवांत असतात." यात खोटं काही नव्हतं. पिल्लाला मोठ्या रिकाम्या पेटीत सोडलं तर ते खरंच बावरतं, केशरही पहिलं वर्ष लहान डब्यातच वाढली. पण जन्मभर? साप ताणून सरळ होत नाही असं पूर्वी सर्रास सांगायचे, आणि लांबी अधिक रुंदी सापाइतकी झाली की पुरे असा हिशोब होता. ज्या पेटीत ताणायला जागाच नाही तिथं तो ताणत नाही, याला निरीक्षण म्हणत नाहीत. इथं २००६चा प्राणी कल्याण कायदा आहे, त्यात योग्य जागा आणि नैसर्गिक वागणुकीची मुभा ही पाळणाऱ्याची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. आता बरेच जाणकार म्हणतात की पेटीची एक बाजू तरी सापाच्या लांबीएवढी हवी. मला ब्रीडरचं म्हणणंही पटतं आणि हेही. रिकामी मोठी पेटी म्हणजे एसटी स्टँड, आणि नुसता डबा म्हणजे तोंड बांधलेलं मडकं. पेटी मोठी करायची आणि आत मडकी मांडायची.

आता माप. कातीवरून साप मोजू नये, कात निघताना ताणली जाते आणि सापापेक्षा बरीच लांब भरते. मुक्तानं केशरला चटईवर सोडून वरून फोटो काढला आणि आईनं त्या फोटोवर दोरा फिरवला, मग शेजारच्या फूटपट्टीवर. सव्वाचार फूट. त्यावरून केशरची पेटी पाच फूट लांब, दोन फूट खोल, अडीच फूट उंच, कारण तिला फांद्या हव्यात. लाडूची चार बाय दोन बाय दोन, पीव्हीसीची, ओलाव्यानं फुगत नाही म्हणून, हवेची भोकं बाजूंना आणि बेताची. रताळ्याला उंचीचं काही सोयरसुतक नाही. तीन फूट लांब, पण सहा इंच माती मावेल असा पुढचा उंबरा, ऊब वरून, उजेड न देता नुसत्या तापणाऱ्या सिरॅमिकच्या दिव्याची, सापानं विळखा घालू नये म्हणून भोवती जाळीची टोपी. दारं सगळी समोरून. वरून हात येणं म्हणजे सापाच्या लेखी घार. आणि काचेच्या दारांना कुलूप, अर्थातच.

केशरची पेटी मी लॅमिनेट लावलेल्या पार्टिकल बोर्डाची बनवली. सगळे सांधे सिलिकॉननं भरले. ते वाळेपर्यंत व्हिनेगरचा असा वास सुटतो की आईला वाटलं मी लोणचं घातलंय. तो वास पुरता जाईपर्यंत साप आत सोडायचा नसतो. तिनंच रोज नाक घालून बघायचं आणि सांगायचं, "आज बी न्हाई." पायाशी नारळाच्या काथ्याचा भुसा घालायचं ठरलं. गोणीवर मूळ देश भारत. आई त्या गोणीकडं बघून म्हणाली, "ह्येला पैसं दिलंस?"

केशर आता त्या पेटीत दोन वर्षं आहे. नाकावरचा ठिपका दुसऱ्या कातीबरोबर गेला. रात्री ती वरच्या फांदीवर लांबच लांब पसरून पडते, सरळ नाही म्हणता येणार, पण वळणं हातभर अंतरावर. लाडू अजून त्याच कुंडीत. रताळं मागच्या महिन्यात दोनदा दिसलं.

मुक्ता सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीला निघालीय. हॉस्टेलवर साप चालत नाहीत. कॉर्न स्नेक वीस वर्षं सहज जगतो आणि लाडू तीसपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे माझ्या निवृत्तीनंतरही मला फ्रीझरमधले गोठवलेले उंदीर वितळवत बसावं लागणार. गेल्या पंचमीला आईचा फोन आला. मातीच्या नागाची पूजा झाली होती, मागं गावात हलगी वाजत होती. तिघांची विचारपूस करून झाल्यावर म्हणाली, "पेटी फुगली न्हवं? म्हणलं हुतं मी, लाकडाला पाणी दिसतंय."

फुगली होती. पाण्याच्या भांड्याखालचा कोपरा, बोटभर. तो कापून काढला, नवा तुकडा बसवला, सांधा भरला. घरात पुन्हा व्हिनेगरचा वास आहे, केशर तात्पुरती जुन्या डब्यात नाराज आहे, आणि रोज सकाळी मी पेटीत नाक घालतो. आज बी न्हाई.